एका दाखल्यावर दोन भाऊ

सान पेद्रो दे माकोरीस
१४ जानेवारी २०१९

उलिसेस,

हे नाव वाचून आधी खोलीत कोणी आहे का ते बघितलंस ना? बघ, बघ. मग दार लाव आणि वाच. पाकिटावर मी 'श्री. फेर्मिन कोंतिन' असंच लिहिलंय, कारण तिकडे तुझ्या दारावर तीच पाटी आहे आणि पोस्टमनला आपल्या घरच्या पापांशी काही देणंघेणं नाही. पण आतल्या कागदावर आईने ठेवलेल्या नावानेच हाक मारणार.

सहा वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही. कारण तुला ठाऊक आहे. आई गेल्यावरच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनेला तू आला नाहीस, फुलांचं चक्र पाठवलंस. त्याच्या रिबनीवर सोनेरी अक्षरात 'तुझा लाडका फेर्मिन'. खरा फेर्मिन दारात उभा राहून ती रिबन वाचत होता. मला म्हणाला, "बघ ताई, मी किती छान फुलं पाठवलीत." आणि हसला. त्याच्या त्या हसण्यासाठी मी तुला सहा वर्षं माफ केलेलं नाही, आणि आजही केलेलं नाही. काम पडलंय म्हणून लिहितेय.

काम त्याचंच आहे. साखर कारखान्याच्या वसाहतीत त्याला चिचो म्हणतात, तूही म्हणायचास, पण हे टोपणनाव त्याला तुझ्यापायी चिकटलं. १९८५ साली तू त्याचा जन्मदाखला आईच्या ट्रंकेतून चोरलास. एकवीस वर्षांचा घोडा एका दुपारी सतरा वर्षांचा फेर्मिन झालास, करारावर सही केलीस, विमानात बसलास. अमेरिकन बेसबॉल क्लबांना चेंडू टाकणारा पिचर सतरा वर्षांचा हवा असतो. एकवीसचा त्यांना शिळा वाटतो. मागे जो खरा सतरा वर्षांचा फेर्मिन राहिला त्याला गल्लीने चिचो करून टाकलं, कारण एका घरात दोन फेर्मिन कसे राहणार? कोणाला काही वाटलं नाही. आपल्याकडे खरं नाव पाद्री विचारतो आणि पोलीस विचारतो. बाकी सगळा जन्म टोपणनावावर निघतो.

निघत नाही, हे आता कळतंय.

त्याच्या दोन्ही किडन्या गेल्यात. आठवड्यातून तीनदा रक्त गाळायच्या यंत्राला बांधून ठेवतात. त्याच्याकडे ओळखपत्र नाही, पण माझ्या शाळेतल्या सिस्टर आमाबिलिसने इस्पितळात शब्द टाकला म्हणून तेवढं होतंय. डॉक्टरीण म्हणते, त्याच्या शिरा फार दिवस टिकायच्या नाहीत, किडनी बदलायला हवी. त्यासाठी राष्ट्रीय यादीत नाव लागतं. यादीसाठी ओळखपत्राचा नंबर लागतो. पैशांनी चढता येत नाही असा हा या देशातला एकच जिना निघाला, आणि तो नेमका आपल्या वाट्याला आला. तुझी किडनी मागत नाहीये, घाबरू नकोस. मागितली असती, पण तुला साखर आहे. माझी तपासली, म्हणाले, बाई, सहासष्टाव्या वर्षी तुमची तुम्हालाच राहू द्या.

गेल्या मंगळवारी त्याला घेऊन नोंदणी कचेरीत गेले. तिथल्या मुलीने टाईप केलं: फेर्मिन कोंतिन, जन्म ७ जुलै १९६८. मग पडदा माझ्याकडे वळवला. तू होतास. टोपी घातलेला, गाल सुटलेले.

"हे तर आहेतच की, बाई. अमेरिकेत असतात. माझ्या बाबांचं दैवत आहे."

"माझा भाऊ आहे," चिचो तिला म्हणाला. अभिमानाने! मी त्याला टेबलाखालून चिमटा काढला.

वकीलबाई म्हणते, एकच मार्ग आहे. तू यायचं, न्यायाधीशासमोर उभं राहून सांगायचं की मी फेर्मिन नाही. तुझी नोंद मुळात झालीच नव्हती. तू उसाच्या फडातल्या खोपीत जन्मलास आणि कचेरीपर्यंत चालत जायचा आपल्या बापाला कंटाळा आला. उशिराची नोंद आजही करता येते. तुझं नाव तुला, त्याचं त्याला. जाताना विमानतळावर काय म्हणाला होतास? "पाच वर्षं, ताई. मग त्याचं नाव त्याला परत." चौतीस झाली.

ये.

दिग्ना


१० फेब्रुवारी

उलिसेस,

तू फोन केलास. चार मिनिटं. त्यातलं एक मिनिट तुझ्या बायकोने कुत्र्याला गप्प करण्यात गेलं.

"ताई, किती पाठवू?" नंबर मागितला तर पैसे देणारा माणूस मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. "ताई, बुधवारपासून माझे पिचर येताहेत, आत्ता कसा निघू?" ते मला सांगतोस? फेब्रुवारीच्या मध्याला पिचर आणि कॅचर सगळ्यांच्या आधी हजर होतात हे या गावात दूध पिणाऱ्या पोरालाही ठाऊक असतं. तुझी कारकीर्द तुझ्यापेक्षा मला पाठ आहे. चिचोने करून घेतली.

सात वर्षं तू खालच्या लीगमध्ये बसमधून हिंडलास, उकडलेली अंडी खाऊन. १९९२ च्या ऑगस्टमध्ये वर बोलावलं. त्या दिवशी चिचोने मैदानातल्या शेडच्या भिंतीला रेडिओ खिळ्याने टांगला, आणि त्या रेडिओवर आम्ही तुझी चार वर्षं ऐकली. तुझा तो वळून खाली पडणारा चेंडू. लागोपाठ नऊ गड्यांना बाद केलंस ती दुपार. कोपऱ्यावरच्या दुकानात माणसं ओरडत होती, "फेर्मिन! फेर्मिन!" आणि ज्याचं नाव ते ओरडत होते तो त्यांच्यातच उभा होता, 'पिचरचा भाऊ' म्हणून फुकट मिळालेली बिअर धरून. मग ९६ साली तुझं कोपर गेलं. शस्त्रक्रिया, एक वर्ष तिकडेच घरी बसून, मग मैदानावर परत येऊन दोन इनिंग, आणि संपलं. तेव्हा आम्हाला वाटलं, आता येईल. आता त्याला त्या नावाची काय गरज? चिचोने तुझ्यासाठी मागची खोली रंगवली, निळ्या रंगाने, घाणेरड्या.

तू आला नाहीस. तू कोच झालास. आधी कुठल्याशा खेड्यात अठरा वर्षांच्या पोरांचा, मग मोठ्यांचा. मध्यंतरी विमानतळावर आपल्या पोरांचे कागद तपासायला लागले, किती जणांची वयं एका रात्रीत चार-चार वर्षांनी वाढली, किती परत आले. तू वाचलास. कोचचं वय कोण विचारतं?

तुला वाटत असेल चिचो मजेत होता. तो मैदानाची राखण करतो. पहाटे माती भिजवतो, चुन्याच्या रेषा मारतो, पिचर उभा राहतो तो उंचवटा हाताने थापतो. पगार हातावर, कारण बँकेत खातं नाही. मत देता येत नाही. निदियाशी लग्न नाही, कारण पाद्रीने कागद मागितला. अकरा वर्षं थांबली ती. मग एका ट्रकवाल्याबरोबर गेली, त्याच्याकडे सगळे कागद होते.

गेल्या पत्रात ट्रंकेतून चोरलास असं लिहिलं, ते जरा जास्त झालं. किल्ली आईने दिली होती. पण हात तुझा होता.

यंत्राची सुई आता उजव्या हातात घालतात. डावा संपला. यंत्रावर असताना तो तुझ्या नवीन पिचरांची नावं मला पाठ म्हणून दाखवतो. मला त्यांच्यातल्या एकाशीही कर्तव्य नाही.

दिग्ना


६ मार्च, राखेचा बुधवार

उलिसेस,

तुझं पत्र आलं. अक्षर अजून तसंच, कोंबडीने उकरल्यासारखं. तीनदा वाचलं.

तू लिहितोस, मी कबूल केलं तर नागरिकत्व जाईल, नोकरी जाईल, कदाचित तुरुंग. बायकोला काहीच माहीत नाही, ती तीस वर्षं फेर्मिनशी संसार करतेय. नातवाचं नावही फेर्मिन ठेवलंय. हे सगळं मी समजू शकते. मी दगड नाही. रात्रभर छातीवर मांजर बसल्यासारखं ते नातवाचं नाव बसलं होतं.

पण शेवटची ओळ. 'ताई, तूही यात होतीस.'

पत्र फाडून चुलीत घालणार होते. मी, जिने एकतीस वर्षं नन्सच्या शाळेत फळ्यावर आठवी आज्ञा लिहून घेतली, खोटी साक्ष देऊ नकोस! मग सकाळी चर्चमध्ये गेले, पाद्रीने कपाळाला राख लावली, आणि घरी येऊन हे लिहायला बसले. कपाळावर राख असताना खोटं लिहायची मला सवय नाही.

किल्ली आईने दिली नव्हती. आईला तो कागद कुठला हेही वाचता येत नव्हतं. ट्रंक मी उघडली. दाखला मी काढला. तू तर व्हरांड्यात नखं खात बसला होतास.

क्लबसाठी पोरं हेरणारा तो स्काउट आला ती दुपार मला दिसते. घामाने भिजलेला, हातात वही, गल्लीत विचारत फिरलेला. गल्लीने त्याला हवं ते सांगितलं होतं. आपली गल्ली या बाबतीत एका सुरात गाते. पण त्याला खात्री नव्हती. त्याने माझ्या गळ्यातला क्रूस पाहिला.

"बाई, तुम्ही नन्सच्या शाळेत शिकवता. तुमच्यावर विश्वास ठेवतो. हा पोरगा सतराचाच?"

"सतराचाच," मी म्हणाले. "माझ्याच वर्गात होता. शुद्धलेखनात भोपळा."

तो हसला. त्या भोपळ्याने त्याची खात्री पटली. सगळ्या वसाहतीच्या खोट्यापेक्षा माझं एक वाक्य जड पडलं, कारण मी कधी खोटं बोलत नसे.

आणि फेर्मिन? त्याला मी आदल्या दिवशीच सेइबोला मावशीकडे पाठवलं होतं, कोंबडा द्यायच्या निमित्ताने. चार दिवसांनी परत आला तेव्हा तो चिचो झाला होता. त्याला मी सांगितलं. तो म्हणाला, "आणि उलिसेस दादा वर पोचेल ना, ताई?" एवढंच.

पुढचं तुला माहीत नाही. कोणालाच नाही. आज सकाळी पाद्रीला सांगितलं, आता तुला सांगते.

पुढच्या वर्षी तो स्काउट परत आला, तुझे कागद पुरे करायला. कारखान्यामागच्या मोकळ्या जागेत त्याला एक डावखुरा पोरगा चेंडू टाकताना दिसला. तो माझ्या दारात अक्षरशः पळत आला, तसाच ओला, वही उघडून. मागून तो पोरगा, हातात चेंडू.

"बाई, हा कोण? मी बारा वर्षं या बेटावर हिंडतोय, असा डावा हात पाहिला नाही. वय काय याचं?"

"अठरा."

"कागद आहे?"

बघ, उलिसेस. तुझ्याकडे कागद होता, वय नव्हतं. त्याच्याकडे वय होतं, कागद नव्हता. मी 'माझा भाऊ' म्हटलं असतं तर त्याने नाव विचारलं असतं. नाव सांगितलं असतं तर तुला दुसऱ्या दिवशी परतीच्या विमानात बसवलं असतं.

मी म्हणाले, "हा आमचा कोणी नाही. कामाला येतो."

तो माझ्यापासून हातभर अंतरावर उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, चेंडू खिशात घातला, बादली उचलली आणि पाणी भरायला निघून गेला. कामाचा पोरगा जातो तसा. स्काउट बराच वेळ त्या बादलीकडे बघत राहिला.

त्या दिवसानंतर चिचोने माझ्यासमोर कधी चेंडू टाकला नाही. पोरांना शिकवतो, पण टाकून दाखवत नाही. दोन वर्षांपूर्वी तू टीव्हीवर म्हणालास, "मी पिचरला हात शिकवत नाही, पाय कुठे टेकतोस ते बघ म्हणतो, हात आपोआप येतो." आठवतं कोणाचं वाक्य ते? तू पहिल्या हिवाळ्यात घरी आलास तेव्हा अंगणात त्यानेच तुला सांगितलं होतं, तुझा चेंडू वर राहत होता म्हणून. मी कपडे वाळत घालत होते.

तेव्हा हो, मीही यात होते. तुझ्याआधी होते. म्हणूनच आता थांबणार नाही. वकीलबाईने तारीख घेतलीय, मंगळवार, ९ एप्रिल. तू आलास तर तू सांग. नाही आलास तर मी सांगेन: सगळं, स्काउट, कोंबडा, बादली. मला सजा झाली तर होऊ दे. तिथे निदान शांतता असेल. तुझं काय होईल ते मला माहीत आहे आणि तरी मी सांगणार आहे. भावाला बुडवण्याआधी त्याला तारीख कळवावी, एवढं नन्सनी शिकवलंय.

ये रे. पाया पडते तुझ्या. मी कोणाच्या पाया पडलेली तुला आठवते का?

दिग्ना


१० एप्रिल

उलिसेस,

तू आला नाहीस. सकाळी नऊपर्यंत मी कोर्टाच्या पायरीवर उभी होते. प्रत्येक टॅक्सीतून तू उतरशील असं वाटत होतं. एकातून तर उतरलासच, तसाच पोट सुटलेला, पण तो विमा विकणारा निघाला.

चिचोला मी पांढरा सदरा घातला होता, इस्त्रीचा. आदल्या दिवशी यंत्रावरून आलेला, पाय सुजलेले, बुटांच्या नाड्या बांधताच येईनात. "ताई, एवढं कशाला? लग्न आहे का माझं?" "गप बस. आज तुला नाव मिळणार आहे." "एक आहे की मला." "ते कुत्र्याचंसुद्धा असतं," मी म्हणाले.

न्यायाधीश बाई होती, तरुण. माझ्या शाळेची माजी विद्यार्थिनी असावी, कारण मी बोलायला उठले तशी तीही खुर्चीत सरळ बसली. मी सगळं सांगितलं. काही राखलं नाही. कामाचा पोरगा म्हणाले तेही सांगितलं. टाईप करणाऱ्या मुलाची बोटं थांबली तेव्हा त्याला म्हटलं, "टाईप कर रे, थांबायला काय झालं?" सदतीस मिनिटं लागली. खाली बसले तेव्हा कपडे अंगाला चिकटले होते, पण उलिसेस, मला तीस वर्षांत इतकं हलकं वाटलं नव्हतं.

मग तिने चिचोला उभं केलं.

"तुमचं नाव?"

"चिचो."

"पूर्ण नाव सांगा."

"चिचो, बाई. एवढंच."

"तुमची बहीण म्हणते की तुम्ही फेर्मिन कोंतिन आहात."

त्याने माझ्याकडे पाहिलं, बादली उचलण्याआधी पाहिलं होतं तसं. मग तिच्याकडे वळला.

"ताईचं वय झालंय, बाई. माझ्या दुखण्याचं तिने फार मनाला लावून घेतलंय. फेर्मिन माझा थोरला भाऊ. तिकडे पोरांना चेंडू टाकायला शिकवतो. तुम्ही रेडिओवर ऐकलं असेल."

"तुम्ही शपथेवर बोलताय, माहीत आहे ना?"

"माहीत आहे. मीपण प्रार्थनेला जातो."

मी उठून ओरडले. काय ओरडले आठवत नाही. शिपायाने मला कोपराला धरून खाली बसवलं. वकीलबाईने कपाळावर हात मारून घेतला. न्यायाधीश बाई फाईल मिटून म्हणाली, अर्जदार स्वतःच नाकारतोय, मी काय करू, मादाम? मला मादाम म्हणाली. म्हणजे विद्यार्थिनी होतीच.

बाहेर आल्यावर मी त्याला भर रस्त्यात झोडपलं. शब्दांनी, आणि एकदा पर्सनेही.

"गाढवा! मूर्खा! मरशील तू! कळतंय का तुला, मरशील!"

"कळतंय, ताई."

"मग का?"

तो पायरीवर बसला. दमला होता. "त्याच्या हाताखाली बारा पिचर आहेत. सीझन सुरू झालाय. आता त्याला उचलला तर ती पोरं कोणाकडे बघणार?"

"खड्ड्यात गेली पोरं!"

"आणि ते नाव त्याने मोठं केलं. माझ्याकडे असतं तर मी त्याचं काय केलं असतं? चुन्याच्या रेषा मारल्या असत्या. लावला एकाने, तोडला दुसऱ्याने, असं उसात चालतं, ताई. नावात नाही चालत."

"लावला तू होतास!" मी म्हणाले. "तो हात तुझा होता! त्या माणसाने बेटभर असा हात पाहिला नव्हता!"

पहिल्यांदाच आम्ही ते बोललो. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा.

"तू कामाचा पोरगा म्हणालीस ना," तो म्हणाला, "तेव्हा मला वाईट वाटलं होतं. पण मग विहिरीवर गेलो आणि वाटलं, ताईने दादासाठी एवढं केलं, मीही करावं." मग म्हणाला, "भूक लागलीय. तळलेली केळी घेऊ या?" डॉक्टरणीने केळी बंद केलीत त्याची. घेतली. खाल्ली. रस्त्यावर उभ्याने, त्या पांढऱ्या सदऱ्यात.

आता माझ्या हातात काही उरलं नाही. माझी साक्ष त्याने खोटी पाडली. तो स्वतः तोंड उघडणार नाही. तुला घाबरायला आता कोणीच नाही, उलिसेस, हे मी तुला मुद्दाम कळवतेय, कारण आता आलास तर भीतीने आलास असं कोणी म्हणणार नाही. डॉक्टरीण म्हणते दोन महिने. फार तर तीन.

दिग्ना


३ जून

हे पत्र कोणत्या नावाने सुरू करावं ते मला कळत नाहीये. म्हणून तसंच सुरू करते.

तू मे महिन्यात फोनवर रडलास. ऑक्टोबरात नक्की येतो म्हणालास, सीझन संपला की. मी फोन चिचोच्या कानाला लावला. तू काय बोललास मला माहीत नाही. तो म्हणाला, "नाही, नाही, दादा, ऑक्टोबर चांगला, उकाडा कमी असतो." मग तुझ्या कुठल्या तरी तरुण पिचरबद्दल बोलत राहिला, त्याचा पाय फार आडवा पडतो म्हणे. वीस मिनिटं. इतकी वर्षं ज्याला रेडिओवर ऐकलं त्याला तो शिकवत होता, यंत्राला बांधलेला.

शुक्रवारी, ३१ मे रोजी, दुपारी तीनला तो गेला. मी जवळ होते. काही बोलला नाही, नाटकात बोलतात तसं. पाणी मागितलं, ते द्यायची मनाई होती, मी दिलं.

मग इस्पितळातला कारकून फॉर्म घेऊन आला. वाईट माणूस नव्हता. त्याने पेन काढलं.

"मृताचं नाव?"

मी त्याची चादर वर ओढली.

"बाई, रजिस्टरला चिचो लिहिलंय, ते चालणार नाही. ओळखपत्र नसेल तर नातेवाईक सांगतील ते लिहितो आणि खाली नातेवाइकाची सही घेतो. पण जागा रिकामी ठेवता येत नाही. रिकाम्या फॉर्मवर पुरू देत नाहीत."

तुला कळतंय का माझ्या हातात काय आलं होतं? जे न्यायाधीश बाईला जमलं नाही ते हा कारकून दोन ओळींत करणार होता. 'फेर्मिन कोंतिन, जन्म ७ जुलै १९६८' एवढं म्हणायचं. आठवड्याभरात तो कागद नोंदणी कचेरीत पोचला असता, त्या मुलीच्या पडद्यावर तुझ्या टोपीखाली 'मृत' असं उमटलं असतं, आणि तिकडे तुझ्या दारावर माणसं आली असती. आणि चिचोला निदान दगडावर त्याचं नाव मिळालं असतं. खरं सांगते, तोंड उघडलं होतं. 'फे' एवढं ओठावर आलं होतं.

पलंगावर तो होता. चादर हनुवटीपर्यंत. कोर्टात शपथेवर जे बोलला ते त्याने पुसू दिलं नसतं. जिवंत असताना मी त्याला एकदा नाकारलं होतं, आमचा कोणी नाही म्हणून. मेल्यावर पुन्हा त्याचा शब्द खोटा पाडू?

चिचो चालत नव्हतं. फेर्मिन तू घेऊन बसलायस. कारकून वाट बघत होता, मागे दुसरं एक कुटुंब रडत उभं होतं. आपल्या घरात एकच नाव असं होतं जे कधी कुठल्या कागदावर चढलं नाही, ज्यावर कोणाचा हक्क नाही, जे चौतीस वर्षं कोणी वापरलं नाही.

"उलिसेस कोंतिन," मी म्हणाले.

"तुमचे कोण?"

"भाऊ."

त्याने लिहिलं. मी खाली सही केली, ठसठशीत, शाळेच्या प्रगतिपुस्तकावर करायचे तशी. शनिवारी पुरलं. मैदानावरची सगळी पोरं आली होती. क्रूसावर पेंटरने तेच नाव घातलं, आणि पोरं एकमेकांना विचारत होती, हा उलिसेस कोण? एकाने दुसऱ्याला सांगितलं, "अरे, चिचो काकांचं खरं नाव ते." ते पोरगं म्हणालं, "चांगलं होतं की. मग सांगितलं का नाही कधी?"

तेव्हा ऑक्टोबरात येऊ नकोस. इथे तुझं काही अडलेलं नाही. ज्या कागदाने तू गेलास तो आता पूर्ण तुझा झाला, त्यावर दुसरा कोणी हक्क सांगायला येणार नाही. मी तर सही करून मोकळी झालेय. बायकोला काही सांगू नकोस. नातवाला त्याच्याच नावाने हाक मार.

मला दोन भाऊ होते. उलिसेस शुक्रवारी गेला, त्याच्या शेवटच्या महिन्यांत मी त्याच्यावर फार रागावले, त्याचं मला फार वाईट वाटतं. दुसरा अमेरिकेत कोच आहे. त्याला मी सतराव्या वर्षी कोंबडा देऊन सेइबोला पाठवलं, त्यानंतर तो मला भेटलेला नाही.

दिग्ना कोंतिन